आवाजाची मूळ प्रत

केज हे बीडहून अंबाजोगाईला जाताना वाटेत लागणारे तालुक्याचे गाव. इथे 'स्टुडिओ' हा शब्द कित्येक वर्षे फक्त फोटो काढण्याच्या दुकानाला लावला जात असे. आता तोच शब्द माझे विद्यार्थी घरातल्या मागच्या खोलीसाठी वापरतात. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, खिडकीला पोते लावलेले, टेबलावर एक लॅपटॉप, एक माइक आणि त्या दोहोंना जोडणारी एक छोटी पेटी, की झाला स्टुडिओ. त्यात कुणी स्वतःच्या कविता ध्वनिमुद्रित करतो, कुणी भीमगीते, कुणी आजोबांचा हरिपाठ, कुणी आजीच्या ओव्या. आणि मग मराठीच्या शिक्षकाला, म्हणजे मला, प्रश्न विचारला जातो : "सर, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?"

हा प्रश्न आपल्याकडे चुकून आला, असे मला बरीच वर्षे वाटत असे. तो संगीताच्या शिक्षकाला विचारावा, नाहीतर संगणकाच्या दुकानदाराला. आज माझे मत बदलले आहे. ज्यांना यंत्राच्या साहाय्याने नवे संगीत रचायचे आहे त्यांची गोष्ट वेगळी. पण ज्यांना माणसाचा बोलता-गाता आवाज जपायचा आहे, त्यांच्यासाठी सॉफ्टवेअरची निवड हा संगीतापेक्षा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि तो मराठीच्या वर्गातच सोडवायला हवा. हे मत पुस्तकातून आलेले नाही. एका चुकीतून आले आहे. ती चूक पुढे सांगणारच आहे. आधी थोडे या साधनांविषयी.

*

'डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन' हे नाव भारदस्त आहे, वस्तू तशी साधी आहे. पूर्वी ध्वनिमुद्रणगृहात जे टेपयंत्र, जे मिश्रणाचे टेबल आणि फीत कापायचे जे पाते असे, ते सगळे संगणकाच्या पडद्यावर मांडलेले असते. 'क्यूबेस' १९८९ मध्ये अटारी संगणकावर आले, 'प्रो टूल्स' १९९१ मध्ये. पुढे अ‍ॅपलने २००४ मध्ये 'गॅरेजबँड' काढले आणि घरगुती हौशी माणसाच्या हाती हे साधन सहज आले. त्याआधीच, २००० साली, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील दोघांच्या कामातून 'ऑडॅसिटी' हे मुक्त सॉफ्टवेअर बाहेर पडले होते. विनॅम्प ज्याने घडवले त्या जस्टिन फ्रँकेलने 'रीपर'ची पहिली पूर्ण आवृत्ती २००६ मध्ये दिली. नावे आणखीही पुष्कळ आहेत. आमच्या भागात मात्र जे मित्राच्या पेनड्राइव्हवरून चोरून मिळते तेच सर्वश्रेष्ठ, असा एक सोयीस्कर समज आहे. त्याच्याकडेही वळूच.

साधन तटस्थ असते, हा दुसरा समज. यातली बहुतेक सॉफ्टवेअर उघडली की पडद्यावर उभ्या रेघांचे एक जाळे दिसते : मिनिटाला १२० ठोके, चार-चार मात्रांचे गट. गाणारा अजून खोलीत आलेलाही नसतो, आणि त्याची लय आधीच ठरून गेलेली असते. १९८३ साली ठरलेल्या 'मिडी' या संकेताने स्वरांनाही क्रमांक दिले. त्याच्या मुळाशी पियानोच्या बारा पट्ट्यांची कल्पना आहे. त्या पट्ट्यांमधल्या फटीत आपल्या बायाबापड्यांच्या गळ्याचे जे काही चालते, ते त्या क्रमांकांत सरळपणे मावत नाही. १९९७ मध्ये 'ऑटो-ट्यून' आले. ते करणारा अँडी हिल्डेब्रँड पूर्वी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालच्या ध्वनिलहरींचे गणित मांडत असे. तेच गणित गळ्याला लावले गेले आणि स्वर सरळ होऊ लागले. वाकडा स्वर सरळ करता येतो, ही सोय झाली. पण तो वाकडा आहे हे ठरवणारा कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

यंत्राने कलेला आपल्या मापात बसवण्याची ही पहिली वेळ नाही. १९०२ साली फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे तबकडीवर उतरवले, तेव्हापासून काही दशके राग सुमारे तीन मिनिटांत आटोपावा लागत असे. कारण तबकडीवर तेवढीच जागा होती. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत रात्रभर रंगणारे मराठी नाट्यपदही त्याच तीन मिनिटांत कोंबले गेले. त्या कोंबण्यातूनही एक नवी कला जन्माला आली, हे मान्य केलेच पाहिजे. पण मर्यादा तबकडीची होती आणि ती ऐकणाऱ्याला दिसत होती. सॉफ्टवेअरची मर्यादा दिसत नाही. ती 'सोय' या नावाने वावरते. म्हणूनच तिच्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे.

*

आता ती चूक. २०१३ साल असावे. माझी थोरली आत्या तालुक्यातल्याच एका खेड्यात राहत असे. दिवाळी उलटली की त्या गावातली धडधाकट माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी पोरे. अशाच एका रिकाम्या दुपारी मी लॅपटॉप आणि माइक घेऊन तिच्याकडे गेलो. ओव्या म्हण, म्हटले. ती हसली.

"जात्याबिगर कशी म्हनू रं? हातानं वढल्याबिगर गळा निघत न्हाई."

घरात गिरणीचे पीठ येऊन तीसेक वर्षे झाली होती. जाते परसात पालथे पडले होते, त्यावर कोंबड्या बसत. ते तिने नातवाकडून धुऊन आत आणवले, खुंटा ठोकून घेतला, पायली काढली आणि मूठमूठ ज्वारी टाकत चाळीस मिनिटे गायली. जाते जड झाले की शब्द लांबत होता, वैरण टाकताना ओवी थांबत होती, पुन्हा घरघर सुरू झाली की पुढची ओळ उचलली जात होती. मी ऐकत होतो. पण माझे अर्धे लक्ष पडद्यावरच्या हिरव्या लहरींकडे होते आणि जात्याचा आवाज फार येतो आहे, याची मला काळजी लागली होती.

रात्री घरी आल्यावर मी तो आवाज 'स्वच्छ' केला. गोंगाट कमी करण्याची युक्ती अशी असते की, नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा नमुना म्हणून सॉफ्टवेअरला दाखवायचा. मग ते तशा जातीचा सगळा ध्वनी मुद्रणभर शोधून खाली दाबते. मी आत्या श्वास घेत असतानाची, फक्त जाते फिरत असलेली चार सेकंदे त्याला दाखवली. त्याने आज्ञा पाळली. जाते गेले. आवाज कसा सुटा, मोकळा वाटला. मी समाधानाने त्याच नावाने, त्याच जागी ती फाइल जतन केली. मूळ मुद्रण पुसले गेले, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातही आले नाही.

महिन्याने आत्याला ते ऐकवले. तिने बराच वेळ कान लावला आणि विचारले, "ही बाई मधी-मधी कामून थांबायली रं?"

तिचा आवाज तिला ओळखू आला नव्हता, असे नाही. पण थांबण्याचे कारण नाहीसे झाले होते. वैरण टाकणारा हात, जड झालेला खुंटा, फिरणारा दगड हे सगळे त्या घरघरीत होते, आणि मी ते गोंगाट म्हणून काढून टाकले होते. उरलेला आवाज नीट ऐकला तर पाण्याखालून आल्यासारखा लागत होता. शब्दांच्या कडा झिजल्या होत्या. पुन्हा करू, म्हटले. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. आज माझ्याकडे आहे ती धुतलेली प्रत. सॉफ्टवेअरचा यात काही दोष नव्हता. गोंगाट कोणता, हे मीच त्याला सांगितले होते.

*

मराठीच्या अभ्यासकाने ही चूक करायला नको होती, कारण आपली सगळी परंपरा या चुकीविरुद्ध सावध करत आलेली आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. आणि काम संपवताना, यात कुणी आपली ओवी घुसडू नये, असे बजावूनही ठेवले. शुद्ध करणे आणि भर घालणे यांत भेद करणारी एवढी स्पष्ट जाणीव चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडे होती.

दुसरे उदाहरण याच जिल्ह्याशी निगडित आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडच्या पाटांगणात मिळालेल्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरीची आपली प्रत छापली. ती एकनाथपूर्व आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या प्रतीच्या आधारे त्यांनी ज्ञानेश्वरीचे व्याकरणही रचले. पुढे ती मूळ पोथी नाहीशी झाली. छापील प्रत आहे, व्याकरण आहे, वाद आहेत. पण ज्या पानांवर तो वाद मिटवता आला असता, ती पाने नाहीत. राजवाड्यांच्या विद्वत्तेबद्दल आदर बाळगूनही म्हणावे लागते की, संपादकाचा अधिकार मूळ पाठाच्या जागी बसू शकत नाही. मूळ हाती असेल, तरच संपादकाशी भांडता येते.

ओवीच्या बाबतीत तर हे नुकसान अधिक मोठे आहे. ज्ञानेश्वरीची एक पोथी गेली तरी इतर पोथ्या उरतात, त्यांचे पाठ ताडून पाहता येतात. मौखिक रचनेत तशी सोय नाही. मिलमन पॅरीच्या संशोधनावर उभे राहून आल्बर्ट लॉर्डने १९६० च्या आपल्या ग्रंथात युगोस्लावियातल्या गायकांविषयी जे मांडले, ते आपल्या जात्यालाही लागू पडते : मौखिक परंपरेत एकच एक 'मूळ' नसते, प्रत्येक सादरीकरण हेच स्वतःचे मूळ असते. आत्याने त्या दुपारी जे गाइले ते कुठल्या तरी आद्य ओवीचा पाठभेद नव्हते. ती मूळ प्रतच होती आणि ती एकुलती एक होती.

इथे कुणी विचारील की, शब्द तर राहिले ना? ओव्यांच्या संग्रहात आपण शब्दच तर छापतो. खरे आहे, आणि म्हणूनच हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या कामाचा दाखला द्यावासा वाटतो. पुण्यातून चाललेल्या त्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. पण नुसत्या लिहून घेण्यात काय सुटते, हे त्यांना जाणवले असले पाहिजे. कारण पुढे बर्नार्ड बेल या संगीत आणि संगणक अशा दोन्हींच्या जाणकाराच्या साहाय्याने शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये बाबासाहेबांवरच्या ओव्या मुद्रित झाल्या. २०१७ पासून हा संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने लोकांपुढे आणला. ते मुद्रण ऐकताना कळते की, बाबासाहेबांचे नाव घेताना गळा जो ताठ होतो, तो कुठल्याही विरामचिन्हात मावत नाही. तेव्हाच कुणी ते 'स्वच्छ' करून मूळ टाकून दिले असते, तर आज आपल्याला काय मिळाले असते?

*

आता निवडीकडे येतो. पाठचिकित्सेचे तीन नियम मी विद्यार्थ्यांना सांगतो.

पहिला : मूळ प्रतीला हात लावायचा नाही. कापणे, आवाज कमी-जास्त करणे, गोंगाट काढणे हे सगळे मूळ फाइलच्या बाहेर, सूचनांच्या रूपात राहिले पाहिजे. रीपर, आर्डर, प्रो टूल्स, क्यूबेस मुळात याच पद्धतीने चालतात : मूळ मुद्रण जागचे हलत नाही, केलेले बदल वेगळे नोंदले जातात आणि केव्हाही मागे घेता येतात. ऑडॅसिटीत पूर्वी परिणाम थेट ध्वनीवरच चढत; २०२२ च्या ३.२ या आवृत्तीपासून तिथेही परिणाम वरचेवर लावण्या-काढण्याची सोय झाली आहे. सॉफ्टवेअर कोणतेही असो, मुद्रण झाल्याबरोबर मूळ फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावी आणि तिच्या नावात गाव, तारीख आणि 'मूळ' हा शब्द घालावा. मी एवढे केले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता.

दुसरा : पोथी जिच्यात बांधली आहे त्या फडक्यापेक्षा ती अधिक टिकली पाहिजे. सॉफ्टवेअरही मरतात. 'केकवॉक' हे १९८७ पासून चालत आलेले नाव. गिब्सन कंपनीने २०१७ मध्ये त्याचे काम एकाएकी थांबवले. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते विकत घेऊन फुकट दिले, म्हणून त्याचे वापरकर्ते वाचले. दर वेळी असा कुणी धावून येईलच, असे नाही. म्हणून मुद्रण 'वेव्ह' या उघड्या, १९९१ पासून सर्वत्र चालणाऱ्या रूपात ठेवावे. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे किमान प्रमाण मानते. एका माइकच्या एका तासाला त्यात सुमारे ५२० एमबी जागा लागते; म्हणजे साध्या पेनड्राइव्हवरही कितीतरी आज्या मावतात. रीपरची प्रकल्प-फाइल साध्या मजकुराची असते. उद्या ते सॉफ्टवेअर राहिले नाही तरी, संपादकाने कुठे काय कापले हे ती उघडून वाचता येईल. पाठचिकित्सेच्या दृष्टीने हा मोठाच गुण आहे. चोरीचे सॉफ्टवेअर याच नियमावर नापास होते. ते नैतिकदृष्ट्या चूक आहे हे तर झालेच. पण संगणक बदलला की ते उघडेल याचा भरवसा नसतो, आणि त्याच्या पोटात अडकलेले काम तिथेच राहते.

तिसरा : आवाजाची लय आवाजाकडेच राहू द्यावी. मुद्रणाआधी ठोक्याचा आवाज बंद करावा, रेघांचे जाळे पुसावे, स्वर 'सरळ' करणारे काहीही जोडू नये. मग कुठे काय आहे याची नोंद ठेवावी. ऑडॅसिटीत ध्वनीच्या खाली लेबलांची पट्टी लावता येते; अमुक मिनिटाला माहेरची ओवी, तमुक मिनिटाला वैरण टाकली, असे तिच्यावर लिहून ती यादी मजकुराच्या फाइलमध्ये वेगळी काढता येते. ही टीपाच आहे, पोथीच्या समासात लिहावी तशी.

या तीन नियमांवरून माझे उत्तर असे : शून्य खर्चात सुरुवात करायची असेल तर ऑडॅसिटी घ्यावे, मात्र मूळ फाइल आधी बाजूला ठेवूनच. सवय झाली, काम वाढले, की रीपर. त्याचा साठ दिवसांचा चाचणीकाळ पूर्ण मोकळा असतो, व्यक्तिगत वापराचा परवाना साठ डॉलरला मिळतो आणि ते जुन्या लॅपटॉपवरही हलके चालते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. तेव्हा हलके असणे हीदेखील लहान गोष्ट नव्हे. लिनक्स वापरणाऱ्याला आर्डर आहेच. प्रो टूल्स किंवा क्यूबेस वाईट नाहीत; पण चार भिंती आणि एक माइक असलेल्या माणसाला त्यांतले नव्वद टक्के लागत नाही, आणि जे लागत नाही ते हाताशी असले की वापरण्याचा मोह होतो.

*

यावर माझ्या एका विद्यार्थ्याने घेतलेला आक्षेप नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तो भीमगीते करतो, ठोक्यावर करतो आणि चांगली करतो. तो म्हणाला, "सर, तुम्ही सगळ्यालाच पोथी करून टाकता. गाणं जिवंत असतं. आम्ही आजीची ओवी घेऊन तिच्यावर ढोलकी चढवली, तर बिघडलं कुठं?"

काहीच बिघडले नाही. जयंतीच्या मिरवणुकीत वाजायचे असेल तर मिनिटाला १२० ठोके हवेतच, आणि जाळ्यावर काम करणारे सॉफ्टवेअरच त्याला योग्य. एकनाथांनी प्रत शुद्ध केली, आणि त्याच एकनाथांनी भारुडेही रचली. परंपरा अशा दोन्ही अंगांनी चालते. माझा आग्रह एवढाच की, ढोलकी चढवावी ती प्रतीवर. मूळ दुसरीकडे सुखरूप असावे. उद्या त्याच ओवीवर कुणाला वेगळे काही सुचले, तर त्याला ढोलकी खरवडून आजीपर्यंत पोचावे लागू नये.

तो काही बोलला नाही. पण परवा त्याने त्याच्या आजीचे मुद्रण आणून दिले. मागे कोंबडा आहे, दूरवर ट्रॅक्टर आहे, मध्येच कुणीतरी "चहा ठेवू का?" असे विचारते आहे. फाइलच्या नावात गाव आहे, तारीख आहे आणि शेवटी 'मूळ' असे लिहिले आहे. मी ते संपूर्ण ऐकले. आजी ओवीच्या मध्ये कुठे थांबते आणि का थांबते, हे स्पष्ट कळत होते.